पाठ केलेले पंचवीस प्रश्न

आधीच सांगून ठेवते, मले रंगवून सांगता येत नाही. मी जाईबाई. सातवी पास. मूर्तिजापूरपासून अकरा किलोमीटरवर आमचं गाव, तीन एकर वावर, दोन बकऱ्या. माही जीभ तिखट आहे हे आमचे मालक म्हणते, गावही म्हणते, अन् ते काही खोटं नाही. पण जे झालं ते पुरतं मलेच माहीत आहे, म्हणून मीच सांगते. मधात कोणी बोलू नोका.

आमची प्रियदर्शनी म्हणजे माह्या दिराची, संघपालची पोट्टी. दहा वर्षांची. तिले अमरावतीच्या एका मुलींच्या निवासी शाळेत पाचवीत बसवायचं होतं. शाळेचं नाव नाही सांगत. राहणं-खाणं फुकट, शिकवणं चांगलं, अन् मुख्य म्हणजे तिची माय तिथून जवळ. गौतमी नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात कामाले आहे, चार बायांसोबत खोली करून राहते, महिन्यातून एखाद्या सुट्टीले गावाले येते. पोट्टी माह्यापाशी. एरवी दोन वर्षांपासून मायलेकी फोनवरच एकमेकीले पाहून राहिल्या होत्या. शाळेत नंबर लागला तर दर रविवारी माय भेटणार, नाही लागला तर पोट्टी इथं अन् माय तिथं. एवढंच, पण आमच्या घराले ते लय मोठं होतं.

संघपाल दोन वर्षांआधी गेला. ज्या साली पराटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली अन् फवारा वरतून खाली मारायच्या ऐवजी खालून वर मारावा लागला, त्या सालची गोष्ट. त्या साली आमच्या इकडं कितीक जणांले औषध चढलं. तो आमच्याच वावरात, आमच्याच पराटीवर औषध मारून राहिला होता. त्याचं पुढं सांगते, आता नाही सांगवत.

तर त्या शाळेत घ्यायची रीत वेगळी. पेपर नाही, पाढे नाही. हे सगळं आमाले बिल्कीस मॅडमनं सांगितलं. त्या आमच्या गावच्या शाळेवर शिकवते, मूर्तिजापूरहून स्कुटीवर येते. त्या म्हणाल्या, पोरीसमोर एक वस्तू ठेवते अन् म्हणते, हिच्याबद्दल तुले जे विचारायचं ते विचार. उत्तर कोणी देत नाही. पोरगी काय विचारते ते लिहून घेते. जिले विचारता येते, तिले घेते.

मले हसूच आलं. म्हटलं, मॅडम, मंग झालंच समजा. कारण ही पोट्टी लहानपणी विचारून विचारून जीव खाये. कोंबडी पाणी पिऊन वर काहून पाहते? शकुंतला आगगाडी इतकी हळू चालते तर लोक उतरून पायी काहून नाही जात? आंब्याले माहीत असते का, आपण आंबा आहो म्हणून? संघपाल वावरातून आला की हातपाय धुवायच्या आधी तिच्यासंगं बसे. उत्तर नाही आलं तर म्हणे, चाल, पाहू. बापलेक कोंबडीच्या मागं अर्धा अर्धा घंटा उकिडवे बसलेले मी पाह्यले आहे. मी ओरडे, तुमाले कामधंदा नाही का बाप्पा. दोघंही हसत.

पण हे जुनं झालं. मॅडम गेल्यावर मी पोट्टीपुढं विळा ठेवला अन् म्हटलं, विचार. तिनं विळ्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, म्हणे काय विचारू, विळा आहे. म्हटलं, जे माहीत नाही ते विचार. म्हणे, ते टॅबले विचारीन. अन् कोपऱ्यातल्या टॅबकडं हात. तेव्हा मले समजलं की ह्या पोट्टीनं मले किती दिवसांपासून काहीच विचारलं नाही. भात कोणता, भाजी कोणती, हेही नाही.

टॅब कुठून आला तेही सांगते. संघपाल गेल्यावर तीन महिन्यांनी एका संस्थेचे लोक आले. ज्या ज्या घरी असं झालं होतं, तिथल्या लेकरांले एक एक टॅब वाटला, फोटो काढले, चहा घेतला अन् गेले. त्यायच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या दिवसात पोट्टी एकच विचारे, पप्पाले काय झालं होतं? मी सांगे, ताप डोक्यात गेला. कोणता ताप? डोक्यात कसा जाते? सकाळी तर नव्हता. मले रडू फुटे. तोंडावर पदर घेऊन मी टॅब काढे अन् तिच्या हातात देई, घे व माय, पाह्य त्याच्यात कार्टून. एकदा दिला, दोनदा दिला. मंग तिनं विचारणं सोडलं. मी म्हटलं, चाला, पोट्टी दुःख विसरली. मनातून सांगते, मले बरं वाटलं.

अन् टॅबनं काही वाईट केलं असं तेव्हा कोणालेच दिसलं नाही. उलट पोट्टी हुशार झाली. समुद्रातल्या आठ पायाच्या जनावराले तीन काळजं असते, हे आमच्या गावात तिच्याशिवाय कोणाले माहीत होतं? समुद्र तिनं पाह्यला नाही, मीही नाही. टॅबशी ती पुस्तकातलं मराठी बोले, कारण आपलं बोलणं त्याले समजत नाही. काहून म्हटलं की तो भलतंच दाखवते, का म्हणा, कशामुळे म्हणा, मंग समजते. गावचे लोक तिचं बोलणं ऐकून म्हणत, पुण्याची मॅडम आहे. मी फुगून जाये. शेजारची म्हैस दोन दिवस वैरणीले तोंड लावून नाही राहिली, सारी आळी गोळा झाली, ही तिथून टॅब घेऊन सरळ निघून गेली अन् मले त्याचंही काही वाटलं नाही.

बरं, आता काय करावं? आमाले जे येते तेच केलं. मी बिल्कीस मॅडमले म्हटलं, तुमी प्रश्न लिहून द्या, मी पाठ करून घेते. मॅडम हसल्या. म्हणाल्या, जाईबाई, प्रश्न पाठ करायची गोष्ट नसते. मले राग आला. म्हटलं, मॅडम, आमी पाढे पाठ केले, बुद्धवंदना पाठ केली, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा माह्या सासऱ्यानं पाठ केल्या त्या झोपेतून उठवलं तरी म्हणे. पाठ करूनच आमी इथपर्यंत आलो. प्रश्नानं काय घोडं मारलं? मॅडमनं हात जोडले अन् दहा लिहून दिले. पंधरा माहे.

दोनशे पानी वही घेतली. ही वस्तू कशापासून बनली? कोणत्या कारखान्यात बनली? हिचा शोध कोणी लावला, कोणत्या साली लावला? हिची किंमत काय? ही नसती तर माणसाचं काय झालं असतं? असे पंचवीस. वस्तू कोणतीही येवो, कुठी ना कुठी लागू होतीलच. लोट्यावर घोकून घेतले, छत्रीवर, कुलपावर, माह्या चष्म्यावर. पोट्टीचे चार दिवसात पाठ. पंचवीसच्या पंचवीस, एकावरही नाही अडली. आमचे मालक ओसरीतून म्हणाले, हे तर रेल्वेच्या पुकाऱ्यावानी वाटून राहिलं. मी त्यायले गप्प केलं.

पण मलेही चैन नव्हतं. प्रश्न विचारताना माणसाचा आवाज शेवटाले वर जाते ना, तसा तिचा जातच नव्हता. ही नसती तर माणसाचं काय झालं असतं, पूर्णविराम. मी म्हणे, जरा जीव लावून विचार. ती म्हणे, बरं, अन् पुन्हा तसंच. मी पोळ्या करू तर त्या करपत, वावरात जाऊ तर अर्ध्या वाटेतून परत येऊ. मुलाखत पाच दिवसांवर होती. गौतमी रोज फोन करे, वहिनी, झाली का तयारी, अन् मी सांगे, झाली व, तू निश्चिंत राह्य.

मंग मले वाटलं, टॅबातच पाहावं हिले काय आवडते. जे आवडते त्यावर चार प्रश्न आणखी काढू. दुपारची वेळ होती, पोट्टी बिल्कीस मॅडमकडं गेली होती. मी ओट्यावर बसून टॅब उघडला. वरच्या पट्टीवर बोट ठेवलं की आधी जे जे विचारलं ते सगळं खाली सरसर येते, हे मले माहीत नव्हतं. आलं. मराठीत होतं, मले वाचता आलं. आठ पायाचं जनावर होतं. विमान वर कसं राहते ते होतं. त्याच्या खाली होतं, फवारणीचे औषध पाण्यात मिसळल्यावर किती वेळ टिकते. मी थांबली. बोट सरकवलं. मिसळलेले औषध दुसऱ्या दिवशी वापरता येते का. डोळ्यांपुढे अंधारी आल्यावर किती वेळात दवाखान्यात न्यावे. पुन्हा मिसळलेले औषध. मंग विमान, मंग मुंग्या, अन् पुन्हा तेच. चार पंप औषध म्हणजे किती. किती खाली गेली तरी दर दोन-चार ओळींनी तेच, दोन वर्षांचं. शब्द थोडे थोडे बदललेले, जणू नीट नाही विचारलं म्हणूनच उत्तर येऊन नाही राहिलं.

चार पंप ही गोष्ट जगात दोनच माणसांले माहीत होती. त्यातला एक मेला होता.

आता सांगते. संघपालले मी पोटच्या पोरावानी वाढवला. मी नवरी होऊन आली तेव्हा तो सात वर्षांचा होता, बिनमायचा. त्या दिवशी सकाळपासून त्यानं पाठीवरची टाकी भरभरून आठ पंप मारले होते. तीन औषधं एकात घोळली होती, वरून पिकाचं टॉनिक, सगळे तसंच करत. दुपारी मी अन् पोट्टी शिदोरी घेऊन गेलो. तो वावराच्या धुऱ्यावर आला, डोळे लाल. म्हणाला, वहिनी, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली, बाकीचं उद्या मारतो. ड्रमात चार पंपाचं औषध घोळून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, घोळलेलं औषध उद्या काय कामाचं, वाया जाईल. चार पंप मारून टाक अन् मोकळा हो. त्याले निंबूचं सरबत दिलं. त्यानं ते पेलं, तोंडाले फडकं बांधलं अन् पंप पाठीवर घेतला. चार वाजता उलट्या सुरू झाल्या. मूर्तिजापूर, तिथून अकोला. तिसऱ्या दिवशी गेला.

अन् मी गौतमीले काय सांगितलं? सांगितलं की मी त्याले लय अडवलं. म्हटलं, उद्या मार, पण त्यानं ऐकलं नाही, तुले तर त्याचा हट्ट माहीत आहे. गौतमी माह्या गळ्यात पडून रडली. गावालेही तेच सांगितलं. दोन वर्षं सांगत आली, अन् दर वेळी पोट्टी तिथंच कुठी तरी टॅब घेऊन बसलेली असे. मले वाटे तिचं ध्यान टॅबात आहे. मले वाटे त्या दिवशी ती कडुलिंबाखाली खेळून राहिली होती, तिले काय ऐकू आलं असेल.

तिनं सगळं ऐकलं होतं. मी खोटं बोलते हेही तिले दोन वर्षांपासून माहीत होतं, अन् तरी ती माह्या ताटात जेवे, माह्या कुशीत झोपे.

मी टॅब उचलला अन् गव्हाच्या कोठीत खोल खुपसला. कशासाठी? मले माहीत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणते तसं. पोट्टी आली. तिनं कोपऱ्यात पाह्यलं, कोनाड्यात पाह्यलं, गादीखाली पाह्यलं. मी चुलीपाशी पाठ करून बसली होती, आता विचारील, मंग विचारील. तिनं बकऱ्यांच्या गोठ्यापर्यंत शोधलं. मंग येऊन भिंतीले टेकून बसली, हात मांडीवर ठेवून. विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही विचारलं. टॅब तिचा जीव की प्राण, अन् समोर बसलेल्या बाईले एक शब्द विचारायची तिची तयारी नव्हती. शेवटी माह्याच्यानंच राहावलं नाही. कोठीतून काढून, गहू झटकून तिच्यापुढं ठेवला अन् विचारलं, मले काहून नाही विचारलं, टॅब कुठी आहे म्हणून?

ती टॅब पुसून राहिली होती. वर न पाहता म्हणाली, "तुले काही विचारलं की तू रडते. हा रडत नाही."

मी उठून अंगणात गेली. सांगून टाकावं असं वाटलं, खरंच वाटलं. पण मंग गौतमी आठवली. तिले समजलं तर ती पोट्टीले उद्याच घेऊन जाईल, त्या चार बायांच्या खोलीत कोंबेल, पण माह्यापाशी नाही ठेवणार. अन् ठेवावं तरी काहून? मी स्वतःले म्हटलं, आधी शाळेत नंबर लागू दे, मंग पाहू. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत येऊन वही काढली अन् म्हटलं, चाल, सतरावा प्रश्न म्हण. तिनं म्हटला.

मुलाखतीच्या दिवशी आमी पहिल्या एसटीनं अमरावतीले गेलो. गौतमी शाळेच्या फाटकावरच उभी होती, अर्धी ड्युटी टाकून आली होती, केसात कापसाचे तंतू तसेच. पोट्टीचा गालगुच्चा घेतला, माह्या पाया पडली. मले धरती पोटात घेईल तर बरं असं झालं. आत एकाच पालकाले सोडत होते. पोट्टी माह्यापाशी राहते म्हणून अर्जावर माहं नाव होतं. गौतमी बाहेर वऱ्हांड्यात बाकावर बसली, मी आत.

खोलीत दोन मॅडम अन् एक सर. पोट्टीले पुढच्या खुर्चीवर बसवलं, मले मागं भिंतीपाशी. मॅडमनं टेबलावर एक वस्तू ठेवली. सुगरणीचा खोपा. वाळलेला, गवताचा, खाली लांब नळी असलेला, आमच्या विहिरीवरच्या बाभळीले असे वीस लटकते. मी मनात म्हटलं, वा, ओळखीची वस्तू आली. अन् दुसऱ्याच घडीले पोट्टीनं सुरुवात केली.

"ही वस्तू कोणत्या कारखान्यात बनली. हिचा शोध कोणी लावला. कोणत्या साली लावला. हिची किंमत काय."

सरांनी तोंडावर रुमाल धरला. मोठ्या मॅडम हसल्या नाही. त्यायनं पेन खाली ठेवलं अन् पोट्टीचे पंचवीसही प्रश्न ऐकून घेतले. ही नसती तर माणसाचं काय झालं असतं, इथपर्यंत. मी मान वर नाही करू शकली. आयुष्यात मी लय जणांले बोलली असेन, पण स्वतःच्या मूर्खपणाचा एवढा राग मले कधी आला नव्हता. मंग मॅडम पुढं झुकल्या अन् हळूच म्हणाल्या, "बाळा, हे छान पाठ केलंस. आता हे सोड. घरटंही सोड. तुला स्वतःला, मनापासून, जे विचारावंसं वाटतं असं काही आहे का? कशाबद्दलही चालेल."

पोट्टीनं मान वळवली अन् मागं माह्याकडं पाह्यलं. दोन वर्षांत तिनं माह्याकडं तसं पाह्यलं नव्हतं. तिले काय विचारायचं होतं ते मले माहीत होतं, अन् मले माहीत आहे हे तिले समजलं होतं. टॅब मी लपवला त्यावरून असेल, की आणखी कशावरून, पण समजलं होतं. ती परवानगी मागून राहिली होती.

मी मान हलवली. नाही म्हणून.

पोट्टी पुढं वळली अन् म्हणाली, काही नाही मॅडम. मॅडमनं कागदावर काही लिहिलं अन् म्हणाल्या, ठीक आहे, या.

बाहेर आलो. गौतमी उठून उभी राहिली, काय झालं वहिनी, काय विचारलं तिनं? मी म्हटलं, विचारलं चांगलं. पोट्टी वऱ्हांड्याच्या खांबाले टेकून टॅब उघडून बसली, बोट पट्टीवर. मले ऐकू आलं नाही ती काय बोलली, ओठ तेवढे हलले. मले वाटलं, आता ही सारा जन्म अशीच विचारत राहील, ज्याले माहीत नाही त्याले. अन् जिले माहीत आहे ती इथं चार हातावर उभी राहून हिच्या मायले खोटं सांगून राहिली. माह्या अंगात काय आलं मले नाही सांगता येत. मी तिचा हात धरला, टॅब गौतमीच्या हातात कोंबला अन् बंद दार ढकलून तिले परत आत घेऊन गेली. आतमधी दुसरी पोरगी बसली होती, तिची माय माह्यावर ओरडली. मी तिकडं पाह्यलंही नाही. मॅडमले म्हटलं, हिले विचारायचं आहे, मीच नाही म्हटलं होतं. अन् पोट्टीले म्हटलं, विचार. मी नाही रडत. इथंच विचार.

यादी पंधरा दिवसांनी लागली, त्यात प्रियदर्शनीचं नाव आहे. गावात वाटते वहीनं काम केलं. दोन बाया माह्यापाशी ते पंचवीस प्रश्न उतरून घ्यायले आल्या होत्या, मी वही चुलीत टाकली होती. गौतमीचा फोन आता आमच्या मालकाच्या मोबाईलवर येते, माह्या मोबाईलवर नाही येत. शाळेचे लोक मले काही बोलले नाही. त्या खोलीत काय झालं ते मी आज पहिल्यांदा सांगून राहिली.

पोट्टी माह्यासमोर उभी होती. मागं दारात गौतमी येऊन थांबली होती, टॅब हातात. पोट्टी पुस्तकातलं नाही बोलली, आपलं बोलली.

"पप्पा म्हणे डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली, उद्या मारतो. तू म्हणे घोळलेलं औषध वाया जाईल. मोठी आई, ते खरंच वाया गेलं असतं का?"

मागं गौतमीचा श्वास मले ऐकू आला. मी वळली नाही. वळली असती तर पुन्हा काहीतरी खोटं निघालं असतं तोंडातून.

"गेलं असतं," मी म्हटलं. "चार पंप औषध गेलं असतं. जाऊ द्यायले पायजे होतं."

"मंग काहून नाही जाऊ दिलं?"

सगळेच तसं करत होते, हे माह्या जिभेवर आलं होतं. कोणाले माहीत होतं औषध असं चढते, हेही आलं होतं. ते दोन्ही मी गिळलं. कारण ते खरं उत्तर नव्हतं, अन् खरं उत्तर मी स्वतःलेही कधी दिलं नव्हतं.

"मले वाटलं तो बहाणा करून राहिला," मी म्हटलं. "उन्हाचा कंटाळा आला, म्हणून डोळ्याचं नाव सांगून राहिला, असं वाटलं मले."

पोट्टी एक पाऊल पुढं आली. माह्यावर चिडून नाही, रडूनही नाही. तिले फक्त समजून घ्यायचं होतं.

"पप्पानं आधी कधी बहाणा केला होता का?"

सात वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याले पाह्यलं होतं. मी एक एक वर्ष आठवलं.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."